हेडिंगमध्ये एकच कारण का?

संपादक साहेब, नमस्कार,

तरुण पोरापोरींच्या आत्महत्येची बातमी आली की हेडिंगलाच कारण देऊन मोकळे होता, नापास झाला म्हणून, मोबाईल दिला नाही म्हणून. मी कळव्यात स्पर्धा परीक्षेवाल्यांची अभ्यासिका सांभाळते, बावीस ते अठ्ठावीसची पोरं रोज समोर बसलेली असतात, म्हणून हे फार लागतं. एनसीआरबीच्या, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या, २०२२ च्या आकड्यांत देशात १ लाख ७० हजारांवर आत्महत्या आहेत, महाराष्ट्र सगळ्यात वर, आणि देशभरच्या आकड्यात परीक्षेतलं अपयश हे कारण सव्वा टक्क्याच्या आसपास, घरगुती प्रश्न मात्र जवळपास ३२ टक्के. तेही पोलिसांनी कागदावर लिहिलेलं एक कारण. डिप्रेशन, दारू, कर्ज, लहानपणी सोसलेला मार नाहीतर अत्याचार, घरात आधी कुणी जीव दिलेला असणं, हे सगळं साचत जातं आणि निकाल नुसतं निमित्त होतो.

पण सगळ्यात मोठी धोक्याची खूण म्हणजे आधी एकदा केलेला प्रयत्न, आणि आपल्याकडे नेमकं तेच लपवतात. पोटात दुखत होतं सांगायचं, पोलीस केस होईल, बहिणीचं लग्न मोडेल, ह्या भीतीने पोराला मानसोपचारवाल्या डॉक्टरकडे न्यायचं राहूनच जातं, खरं तर हॉस्पिटलमधून घरी आल्यावरचे पहिले आठवडेच जास्त जपायचे असतात. अहो, २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २०१८ पासून लागू आहे, त्याच्या कलम ११५ प्रमाणे असा प्रयत्न केलेला माणूस भयंकर ताणाखाली होता असंच धरतात, त्याला शिक्षा नाही, उलट त्याची काळजी घेणं सरकारवर आहे. हे आमच्या चाळीत किती जणांना माहितीये? त्यात ‘ह्याला ठाण्याला भरती करा’ हे आपल्याकडे चिडवायलाच वापरतात, मग इथला पोरगा तिथल्या मनोरुग्णालयाच्या ओपीडीची पायरी कशी चढणार.

आणि ‘जीव द्यावासा वाटतो का रे’ असं सरळ विचारल्याने डोक्यात तो विचार येत नाही, उलट बऱ्याच जणांना मोकळं वाटतं, हे तरी छापा. कसं केलं त्याचं वर्णन नको, प्रेस कौन्सिलनेही २०१९ मध्ये तेच सांगितलंय. त्या जागेत टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर ठळक टाका, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, आणि प्रत्येक वेळी टाका, आतल्या पानावरची दोन ओळींची बातमी असली तरी.

एक वाचक, कळवा (ठाणे)