शर्यतीच्या पाण्यात होडी घालू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

हैदराबादच्या हुसेनसागरात दरवर्षी जुलैच्या सुमारास शिडाच्या होड्यांच्या शर्यती होतात. या तलावाचे नाव मिरवणारी हुसेनसागर एक्स्प्रेस सोलापूरवरूनच जाते, त्यामुळे शर्यत पाहायला आपल्या सोलापूरकरांना मुंबईपेक्षा हैदराबाद सोयीचे. पण दुपारी नौकाविहाराला निघालेले लोक समोर शिडे दिसली की नावाड्याला म्हणतात, "जरा जवळ घ्या, फोटो काढायचाय." नावाड्याने ऐकले की शर्यत बिघडते, आणि ती आपण बिघडवली हे बोटीतल्या कुणाच्या लक्षातही येत नाही.

शर्यतीतली लेझर होडी (आता तिला आयएलसीए म्हणतात) ४.२३ मीटर लांब, सांगाडा जेमतेम ५९ किलोचा, शीड सात चौरस मीटरचे आणि माणूस एकटा. मोटरबोटीच्या लाटेने ती डुलली की शिडावरून वाहणारा वारा तुटतो. वारा मंद असेल तर होडी थांबतेच. पुन्हा वेग धरेपर्यंत मागचे तिघे-चौघे पुढे निघून जातात. शिडाची होडी घेऊन गेलात तर लाट उठणार नाही, पण तुमच्या शिडाची वाऱ्याला आड पडते. ही आड वाऱ्याखालच्या, म्हणजे वारा जिकडे जातो त्या बाजूला, डोलकाठीच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत वारा नीट पोहोचू देत नाही. म्हणून स्पर्धकाच्या वाऱ्याकडच्या, म्हणजे वारा जिकडून येतो त्या बाजूने कधीच जाऊ नये; ओलांडावेच लागले तर त्याच्या मागून, वाऱ्याखालून जावे, आणि मोटर असेल तर वेग अगदी कमी करून.

मग उभे राहायचे कुठे? शिडाची होडी थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. ती वाऱ्याशी साधारण ४५ अंशांचा कोन धरून, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे अशी नागमोडी वर चढते. त्यामुळे सुरुवातीच्या रेषेपासून वरच्या, म्हणजे वाऱ्याकडच्या बोयपर्यंतचे (तरंगत्या खुणेपर्यंतचे) पाणी पतंगाच्या आकाराचे व्यापले जाते. वरवर रिकामे दिसणारे त्याचे कोपरेही स्पर्धकांचेच असतात. या पतंगाच्या बाहेर, बाजूला राहावे. सुरुवात पाहायची तर रेषेच्या खाली (वाऱ्याखालच्या बाजूला) किमान दीडशे मीटर मागे थांबावे, कारण सगळ्या होड्या रेषेखालीच घुटमळत असतात.

सुरुवातीच्या वेळी कान नव्हे, डोळे पंचांच्या बोटीवर ठेवा. वेळ झेंड्यावरून मोजतात, भोंगा फक्त लक्ष वेधण्यासाठी. पाच मिनिटे आधी त्या वर्गाचा, म्हणजे होडीच्या प्रकाराचा झेंडा चढतो, चार मिनिटे उरली की दुसरा, बहुधा निळा आणि मध्ये पांढरा चौकोन असलेला. एक मिनिट उरले की तो उतरतो, आणि वर्गाचा झेंडा उतरला की शर्यत सुरू. नंतर पांढऱ्यावर निळी फुली असलेला झेंडा दिसला तर कुणीतरी आधीच रेषा ओलांडली आहे. निळा-पिवळा त्रिकोणी झेंडा चढला तर सगळ्यांनाच परत बोलावले आहे. त्या वेळी होड्या अचानक वळून तुमच्याच दिशेने येतात, हे ध्यानात असू द्या.

एखादी होडी जागच्या जागी दोन गिरक्या घेताना दिसली तर तिचा ताबा सुटलेला नसतो. दुसऱ्याच्या वाटेत आल्याची ती शिक्षा असते. बोयला नुसता धक्का लागला तर एकच गिरकी. उलटलेल्या होडीकडेही धावू नका. स्पर्धक होडीच्या तळातून बाहेर आलेल्या फळीवर उभा राहून ती स्वतः सरळ करतो, बाहेरची मदत घेतली तर बाद होण्याची भीती असते, आणि तुमच्या मोटरचा पंखा पाण्यातल्या माणसाजवळ आणणे हाच खरा धोका. अपवाद एकच: माणूस होडीपासून दूर गेला असेल, जखमी असेल किंवा मदत मागत असेल, तर सगळे नियम बाजूला ठेवून जवळ जा आणि पोहोचताच इंजिन बंद करा.

स्वतःच्या दोन शिडांच्या होडीतून पाहणाऱ्यांना एका जागी थांबण्याची युक्ती सोपी आहे. पुढच्या शिडाची दोरी न सोडता होडी वळवा, म्हणजे त्या शिडात उलट बाजूने वारा भरेल. मोठे शीड सैल सोडा आणि सुकाणूचा दांडा वाऱ्याखालच्या बाजूला ढकलून बांधा. होडी शांत होते, पण वाऱ्याखाली हळूहळू सरकत राहते. म्हणून ती सरकत शर्यतीबाहेरच जाईल अशी जागा आधी निवडा.

लाइफ जॅकेट मात्र काठावरच घालायचे, आणि सगळे बकल लावून. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या पाण्यात कुगाव-कळाशी मार्गावर वादळी वाऱ्याने बोट उलटून सहा जण गेले. जॅकेट घातल्यावर कुणाला तरी खांद्याचे पट्टे वर ओढायला सांगा. ते हनुवटीपर्यंत वर आले तर जॅकेट सैल आहे, दुसरे मागून घ्या.

आपले,
दोन वाचक, जुळे सोलापूर