नाब्लुसचा साबण

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

सोबत पॅलेस्टाईनमधल्या नाब्लुस शहराच्या साबणाच्या चार वड्या पाठवतेय. आई, रंग पिवळट आणि वास जवळजवळ नाही, म्हणून जुना माल समजू नकोस. ऑलिव्हचं तेल, पाणी आणि सोडा, एवढंच त्यात असतं. आपल्या बोअरच्या पाण्यात फेस कमी येईल, कारण जड पाण्यातले क्षार साबणाला धरतात. वडी जाळीच्या साबणदाणीत ठेव, पाण्यात राहिली तर बुळबुळीत होते.

बाबा, तुम्ही शहराच्या नावाचं विचारलं होतंत. इ.स. ७२मध्ये रोमनांनी इथे ‘फ्लाविया नेआपोलिस’, म्हणजे नवं शहर, वसवलं. अरबीत ‘प’ नाही, म्हणून नाब्लुस. त्याआधीचं प्राचीन शहर शेखेम पूर्वेला, बलाताच्या टेकाडाखाली आहे. दक्षिणेला ८८१ मीटरचा गरिझीम डोंगर, उत्तरेला ९४० मीटरचा एबाल, आणि मधल्या चिंचोळ्या खिंडीत शहर. जागा पुरेना तशी घरं उतारावर चढत गेली. गरिझीमवर शोमरोनी (समॅरिटन) या ज्यूंशी जवळच्या प्राचीन पंथाच्या लोकांची वस्ती आहे. आता ते जेमतेम काही शेकडा उरलेत, पण वल्हांडण (पासओव्हर) सणाचा बळी अजून त्याच डोंगरावर देतात.

साबण इथेच का, तर भोवतालच्या डोंगरांवर ऑलिव्ह, आणि यार्देन (जॉर्डन) नदीपलीकडून बदाऊ, म्हणजे भटके अरब लोक, क्षारवनस्पतींची राख आणायचे. राख आणि चुना मिळून तीव्र क्षार होई. आता कॉस्टिक सोडा वापरतात. तळमजल्यावर तेलाची टाकी आणि भली मोठी कढई. त्यात मिश्रण कित्येक दिवस शिजतं. क्षार जास्त झाला तर कातडी भाजते, कमी पडला तर वडी तेलकट राहते, म्हणून कढईपाशी जाणता माणूसच लागतो. मग तो गरम लगदा वरच्या मजल्यावर नेऊन जमिनीवर पसरतात, थर जरा घट्ट झाला की रेघा आखून वड्या कापतात आणि एकेकीवर शिक्का ठोकतात.

मला सगळ्यात आवडते ती पुढची रचना. वड्यांचे माणसाहून उंच, आतून पोकळ मनोरे रचतात, दोन वड्यांमध्ये फट सोडून. फट नसेल तर आतल्या वड्या ओल्या राहतात. असे काही महिने वाळले की मगच कागदात गुंडाळायचे.

एकोणिसाव्या शतकात असे तीसहून जास्त कारखाने होते. ११ जुलै १९२७च्या भूकंपाने जुनं शहर खिळखिळं केलं, एप्रिल २००२च्या इस्रायली लष्करी कारवाईत काही कारखाने जमीनदोस्त झाले. आता बोटांवर मोजण्याइतके चालू आहेत. २०२४मध्ये युनेस्कोने ही कला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली, ती फार आधी घ्यायला हवी होती.

आई, इथल्या कुनाफ्याचं, म्हणजे चीजच्या गोड मिठाईचंही सांगते: त्यातलं चीज खारट असतं, पाणी बदलत भिजवून आधी खारटपणा काढावा लागतो. पनीरने जमणार नाही, त्याला तार सुटत नाही.

उरलेल्या वड्या कपाटात उघड्याच ठेव. जितक्या वाळतील तितक्या जास्त पुरतील.

तुमची,
मोठी