साठ लिटरांचा समुद्र

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. गोड्या पाण्यातले मासे इतकी वर्षं सांभाळून आता खाऱ्या पाण्याची, प्रवाळांची टाकी लावायची म्हणतोस, वाचून फार आनंद झाला. साठ लिटरची टाकी आणलीस, त्यात क्लाऊनफिश या नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या माशांची जोडी हवी, सोबत समुद्रफूल, म्हणजे तो फुलासारखा दिसणारा, डसणारा प्राणी हवा, आणि शेवटी लिहिलंस, ‘लहान टाकी आहे, सोपी जाईल.’ जोडीचं जमेल. समुद्रफूल सध्या मनातून काढ. आणि त्या शेवटच्या वाक्यासाठीच हे एवढं लांब पत्र लिहितो आहे.

लहान टाकीला जागा कमी लागते, मीठ कमी लागतं. सोपी मात्र ती नसते. प्रवाळ ज्या पाण्यात वाढतं ते पाणी एका दिवसात फारसं बदलत नाही. खारेपणा ३५च्या आसपास, म्हणजे किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार, आणि तो तसाच राहतो. समुद्र अफाट आहे म्हणून हे आपोआप होतं. साठ लिटरमध्ये ते तुला हाताने करावं लागणार. म्हणून कुठलीही वस्तू घेताना एवढंच बघ, की हिच्यामुळे पाणी स्थिर राहायला मदत होते का.

सगळ्यात आधी बाष्पीभवन. टाकीतून उडून जातं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. साठातलं सहा लिटर पाणी उडालं की ३५चा खारेपणा ३९च्या जवळ जातो, आणि एवढ्यात नाजूक जीव आजारी पडतात. तेव्हा कमी झालेलं पाणी गोड्या पाण्याने भरायचं, खाऱ्या नाही. नवे लोक नेमकं इथे चुकतात. हे रोज हाताने करण्यापेक्षा पातळी ओळखून आपोआप पाणी सोडणारा ऑटो टॉप-ऑफ घे. झगमगीत लाइटच्या आधी हा घे, असं मी आग्रहाने सांगेन. त्याचा साठा मात्र चार-पाच लिटरचाच ठेव. सेन्सर अडकून सगळं पाणी एकदम टाकीत गेलं तरी खारेपणा ३२च्या खाली उतरणार नाही.

पाणी आरओ-डीआयचंच हवं, म्हणजे क्षार पूर्ण गाळून काढलेलं, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) शून्य दाखवणारं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, फॉस्फेट, सिलिकेट असतं, आणि कधी पाइपातून आलेलं तांबंही. माशांना चालेल एवढं तांबंसुद्धा कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळांचा जीव घेतं. तू गोड्या पाण्यात तांब्याची औषधं वापरली असशील, तर त्या बादल्या, जाळ्या आणि ती वाळू इकडे आणू नकोस.

मीठ कालवताना आधी पाणी घे, मग त्यात मीठ सोड. मिठावर पाणी ओतलंस तर सुरुवातीला द्रावण इतकं दाट होतं की कॅल्शियमचा साका खाली बसतो आणि मग विरघळत नाही. लिटरला साधारण ३५ ते ४० ग्रॅम मीठ पडतं, पण तराजूवर विसंबू नकोस, खारेपणा दाखवणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरने मोज. तो डिस्टिल्ड पाण्यावर शून्याला लावून भागत नाही. ३५च्या प्रमाणित द्रावणावर लाव, कारण तुला अचूकता तिथे हवी आहे. पंप लावून पाणी रात्रभर फिरू दे, २५-२६ अंशांवर आण आणि मगच वापर.

आता खडक. खऱ्या अर्थाने टाकी म्हणजे हा खडकच. त्याच्या छिद्राछिद्रांत जिवाणू राहतात. काही अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट, आणि आत खोल, जिथे ऑक्सिजन पोचत नाही, तिथले काही नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. समुद्रातून आलेल्या जिवंत खडकाबरोबर हे सगळं आयतं येतं, पण त्याच्याबरोबर एप्टेशियाही येते. ही उपद्रवी समुद्रफुलं उपटायला गेलास तर उरलेल्या तुकड्यातून पुन्हा उगवतात. म्हणून तू बहुतेक खडक कोरडा घे आणि एखाद्या जुन्या, निरोगी टाकीतला छोटा तुकडा त्यात ठेव. खडक वाळूवर रचू नकोस, थेट तळाच्या काचेवर टेकव. वाळू उकरणारे जीव खालची वाळू काढतात आणि वरचा ढिगारा कोसळतो. मागच्या काचेपासून चार बोटं जागा सोड, म्हणजे पाणी खेळेल आणि काच पुसता येईल.

मग टाकीत एकही मासा किंवा प्रवाळ न सोडता थांबायचं. मासा टाकून टाकी ‘पकवायची’ जुनी पद्धत सोडून दे, त्यात बिचाऱ्या माशाचे कल्ले भाजतात. बाटलीतला अमोनिया मोजून २ पीपीएमपर्यंत (दहा लाखांत दोन भाग) घाल आणि टेस्ट किटवर बघत राहा. तेवढा अमोनिया चोवीस तासांत शून्यावर येतो आहे आणि नायट्राइटही शिल्लक राहत नाही, असं दिसलं की जिवाणू कामाला लागले. कोरड्या खडकाला यासाठी चार ते सहा आठवडे सहज लागतात. तोवर लाइट बंद.

लाइट सुरू झाल्यावर आधी तपकिरी थर चढेल. ते डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळ, सिलिकेट संपलं की आपोआप ओसरतं. मागून हिरवं केसाळ शेवाळ येईल. तेव्हा ट्रोकस जातीच्या गोगलगायी आण, थोड्याच. शेवाळ मारायच्या बाटल्या घेऊ नकोस. आणि नायट्रेट, फॉस्फेट शून्यावर नेण्याच्या मागे लागू नकोस. गोड्या पाण्यातून आलेल्या माणसाला शून्य म्हणजे स्वच्छ वाटतं, पण इथे प्रवाळ उपाशी राहतं आणि चिकट, बुडबुडे धरणारे डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्मजीव माजतात. नायट्रेट पाच-दहा पीपीएम असू दे.

पाण्याच्या हालचालीबद्दल एक गोष्ट सांगायचीच होती. १८४६ साली ॲना थिन नावाच्या बाईंनी इंग्लंडमधल्या टॉर्कीच्या किनाऱ्यावरून दगडी, म्हणजे कठीण सांगाड्याची प्रवाळं लंडनला आणली आणि घरी काचेच्या भांड्यांत जगवली. समुद्राचं ताजं पाणी मिळेना, तेव्हा त्यांच्याकडची मोलकरीण रोज उघड्या खिडकीशी बसून तेच पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राहायची, त्यात हवा मिसळावी म्हणून. पंप नाही, वीज नाही, जिवाणूंचं हे चक्र कुणाला ठाऊक नाही, तरी पाणी हलतं ठेवायला हवं हे त्यांनी ओळखलं. मला त्या बाईंचं आणि त्या मुलीचंही फार कौतुक वाटतं. तुझ्याकडे ते काम पॉवरहेड, म्हणजे टाकीत बुडवायचा छोटा पंप करेल. तासाला टाकीच्या पंधरा-वीस पट पाणी फिरवेल असा घे, आणि झोत प्रवाळावर थेट न मारता समोरच्या काचेवर मार. सगळ्या वायरी सॉकेटच्या खाली झोळ देऊन मगच वर ने, म्हणजे थेंब वायरीवरून सॉकेटात जाणार नाही. आणि गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर बसवल्याशिवाय पाण्यात हात घालू नकोस. खारं पाणी वीज फार चांगली वाहून नेतं.

पहिली प्रवाळं मऊ घे: मशरूम, लेदर, झोअँथिड या प्रकारांची. यांना मध्यम निळसर उजेड पुरतो. ती कठीण सांगाडा बांधत नाहीत, त्यामुळे कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद) वेगळी घालत बसावी लागत नाही. दर आठवड्याला सहा लिटर पाणी बदललंस की त्यांचं भागतं. ग्रीन स्टार पॉलिप हवंच असेल तर वेगळ्या दगडावर, बाकीच्यांपासून लांब ठेव, नाहीतर सगळा खडक पांघरून टाकेल. झोअँथिडबद्दल मात्र नीट ऐक. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन असतं, ज्ञात विषांतल्या अतिजहाल विषांपैकी एक. हाताळताना हातमोजे आणि संरक्षक चष्मा घाल, बोटाला जखम असेल तर हातच लावू नकोस, आणि असा खडक कधीही उकळू किंवा गरम पाण्याने घासू नकोस. त्या वाफेने घरातली माणसं रुग्णालयात गेल्याच्या नोंदी आहेत.

प्रवाळ घेताना ते टाकीत वाढवलेलं आहे ना, हे विचार. दगडी प्रवाळं ‘साइट्स’ या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, त्यामुळे त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला कागदपत्रं लागतात. स्थानिक कायदा त्याहून कडक असू शकतो, तो आधी पाहून घे. विक्रेता मूळ सांगायला टाळाटाळ करत असेल तर तिथून काही घेऊ नकोस. समुद्रातली प्रवाळभिंत तोडून आणलेलं प्रवाळ माझ्या टाकीत नको, असं आपण सगळ्यांनी ठरवायला हवं असं मला मनापासून वाटतं.

समुद्रफूल का नको, तर ते एका जागी बसत नाही. मनासारखी जागा मिळेपर्यंत ते सरकत राहतं, वाटेतल्या प्रवाळांना डसतं, आणि पॉवरहेडमध्ये ओढलं गेलं तर त्याच्या चिंध्यांनी साठ लिटर पाणी नासायला फार वेळ लागत नाही. वर्षभर पाणी स्थिर राहिलं की मग बघू, आणि तेव्हाही मोठ्या टाकीसाठी. क्लाऊनफिशचं त्याच्यावाचून अडत नाही.

मासे सर्वांत शेवटी. टाकीत जन्मलेले दोन लहान ओसेलारिस जातीचे क्लाऊनफिश घे, एक किंचित मोठा, एक लहान. क्लाऊनफिश सगळे आधी नर असतात. दोघांतला वरचढ पुढे मादी होतो, त्यामुळे जोडी निवडून आणायची गरजच नसते. साठ लिटरला हे दोन मासे पुरे. निळा टँग मासा तर नकोच, तो फूटभर वाढतो. मँडरिन माशाचा मोहही टाळ, तो दिवसभर कोपेपॉड नावाचे बारीक जीव टिपतो आणि लहान टाकीत हळूहळू उपाशी मरतो.

पाणी भरायच्या आधी स्टँड पातळीत आहे का ते बघ. खडक-वाळू धरून वजन शंभर किलोकडे जाईल. भरल्यावर रोज एकाच वेळी खारेपणा आणि तापमान वहीत लिहीत जा. सलग दोन आठवड्यांचे आकडे झाले की मला पाठव. ते हलत नसतील आणि जिवाणूही कामाला लागले असतील तर पहिलं मशरूम घ्यायला हरकत नाही, आणि हलत असतील तर आधी टॉप-ऑफचं काय ते पाहू.

तुझा,
जुना मित्र