आयसीयूतल्या बुरशीचा हिशेब कोण मागणार?

पुण्यात नवे रुग्णालय उघडले की खाटा किती, यंत्रे कुठली, याचे फलक चौकाचौकांत लागतात. आत उपचार घेताना संसर्ग किती जणांना झाला, हे मात्र कुणी सांगत नाही. ‘कॅन्डिडा ऑरिस’ ही यीस्ट प्रकारची बुरशी २००९ मध्ये जपानमध्ये प्रथम नोंदली गेली; २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिला सर्वाधिक धोकादायक बुरशींच्या गटात टाकले. सेंट्रल लाइनवाटे (मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीवाटे) ती रक्तात शिरते आणि फ्लुकोनॅझोल या नेहमीच्या बुरशीविरोधी औषधाला बहुधा दाद देत नाही. खाटेच्या कठड्यावर, बीपीच्या पट्ट्यावर ती कित्येक दिवस टिकते. काही नेहमीची जंतुनाशकेही तिच्यापुढे कुचकामी ठरतात, क्लोरीनयुक्त द्रावण लागते.

शहरातल्या एका आयसीयूत बीपीचा एकच पट्टा न पुसता खाटेमागून खाटेवर फिरताना मी पाहिला. (नातेवाइकांना चपला बाहेर काढायची मात्र सक्त ताकीद!) विचारले तर, ‘आमचा प्रोटोकॉल आहे,’ एवढेच उत्तर.

नर्सिंग होमच्या नोंदणीचे नूतनीकरण महापालिकाच करते. त्या वेळी अग्निशमन दाखल्याइतक्याच काटेकोरपणे रक्तातील बुरशीसंसर्गाची आकडेवारी मागावी आणि ती संकेतस्थळावर टाकावी. बिल लाखांत भरणाऱ्याला एवढे कळायला हवे.

– एक वाचक, कोथरूड, पुणे