घर कुणाच्या नावावर घ्यायचे

रेडिंग, इंग्लंड

तीर्थरूप बाबा आणि आईस साष्टांग नमस्कार.

घरासाठी पैसे देण्याची तयारी तुम्ही दाखवलीत, तेव्हा कागदावर तुमचेही नाव असावे असे काकांनी सुचवले होते. सॉलिसिटरबाईंशी, म्हणजे खरेदीचे काम पाहणाऱ्या वकीलबाईंशी, सविस्तर बोलून मी त्याला नाही म्हणते आहे. कारणे लेखी कळवते, म्हणजे तुम्हाला सावकाश वाचता येतील.

माझ्या आणि निखिलच्या, आम्हा दोघांच्या नावावर आजवर कुठेही घर नसल्यामुळे ३ लाख २० हजार पौंडांच्या या घरावर आम्हाला अवघी १,००० पौंड स्टँप ड्यूटी पडते. तुम्ही तिसरे मालक झालात, तर तुमचे नागपूरचे, धरमपेठेतले घर आडवे येते, कारण इथला कायदा जगात कुठेही असलेले घर मोजतो आणि एका खरेदीदारामुळे लागणारा वाढीव दर सगळ्या किमतीवर लावतो. पहिल्या घराची सवलत जाऊन ६,००० पौंड, शिवाय दुसऱ्या घराचे ५ टक्के आणि परदेशस्थ खरेदीदाराचे २ टक्के, असा आकडा २८,४०० पौंडांवर जातो. नाव न लावता आतून हिस्सा ठेवण्याचा काकांचा तोडगाही चालत नाही. ज्याचा हिस्सा तो खरेदीदार, असेच इथे धरतात. कंपनीच्या नावाने घेणे तर राहत्या घराला मुळीच परवडत नाही.

तेव्हा पैसे बक्षीस म्हणूनच यावेत. या रकमेवर किंवा घरावर तुमचा हक्क राहणार नाही, असे सहीचे पत्र कर्ज देणारी बँक तुमच्याकडून मागेल. त्याची भाषा कोरडी आहे, मनाला लावून घेऊ नका. एका आर्थिक वर्षात एका व्यक्तीने १० लाख रुपयांपर्यंत पाठवल्यास टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना तिथली बँक कापून घेते तो कर, लागत नाही. वरच्या रकमेवर २० टक्के कापले जातात आणि ते रिटर्न भरताना वळते झाले तरी तोवर अडकून पडतात. म्हणून २० लाख एकट्या तुमच्या खात्यातून न पाठवता आईच्या एफडीचे १० लाख तिच्याच खात्यातून यावेत.

राहिला आम्हा दोघांचा प्रश्न. टीआर१ या हस्तांतरणाच्या फॉर्ममध्ये दहाव्या रकान्यात तीन चौकोन आहेत. पहिल्यात, म्हणजे जॉइंट टेनंट्समध्ये, खूण केली की एकाच्या पश्चात सगळे घर आपोआप दुसऱ्याचे होते, मग मृत्युपत्रात काहीही लिहिलेले असो. आजोबांनंतर महालातल्या वाड्याच्या आखीव पत्रिकेवर, म्हणजे मालकीच्या सरकारी नोंदीवर, सगळ्या वारसांची नावे चढली, तसे यात होत नाही. दुसऱ्यात समान हिस्से, आणि तिसऱ्यात आपण ठरवू तसे. हे हिस्से ज्याच्या त्याच्या मृत्युपत्राप्रमाणे जातात. तुमचे पैसे माझ्या बाजूने येत असल्यामुळे माझे ६० आणि निखिलचे ४० टक्के असावेत, हे त्यानेच सुचवले. तसे डिक्लरेशन ऑफ ट्रस्ट, म्हणजे कुणाचा किती हिस्सा हे नोंदवणारा दस्त, आम्ही खरेदीबरोबरच करून घेत आहोत आणि दोघांची मृत्युपत्रेही.

एफडी मोडल्याची पावती आणि दोन्ही खात्यांची स्टेटमेंट्स स्कॅन करून पाठवावीत. पैसा कुठून आला, हे सॉलिसिटर विचारतातच.

तुमची,
मीनल