कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरचंही बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात आठवड्यातून दोनदा तरी सायबर फसवणुकीची बातमी असते आणि तिच्याखाली ठरलेली चौकट: ओटीपी सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, 'डिजिटल अरेस्ट' असं कायद्यात काही नाही. चौकट योग्यच आहे, पण ती सगळी मोबाइलपुरती. हॉलच्या कोपऱ्यात प्लास्टिकच्या कव्हराखाली जो घरचा कॉम्प्युटर असतो, ज्यावर सातबारा काढायचा, रिटर्न भरायचं, नातवंडांच्या प्रोजेक्टच्या प्रिंट मारायच्या, त्याच्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

गेल्या महिन्यात आमची सौ. एका पाककृतीची प्रिंट काढत होती. अचानक स्क्रीन निळा-लाल झाला, भोंगा वाजायला लागला आणि एक बाई इंग्रजीत बजावू लागली की तुमचा कॉम्प्युटर लॉक झालाय, बंद करू नका, या नंबरवर फोन करा. वर मायक्रोसॉफ्टचं चार रंगांचं चिन्ह. "अहो, आधी इकडे या!" मी गेलो, चष्मा लावून नंबर वाचला आणि फिरवायलाही घेतला. आठ आकडे दाबून झाले होते. तेवढ्यात सुट्टीला आलेला भाचा टॉवेल गुंडाळूनच बाथरूममधून धावत आला. "मामा, फोन ठेव आधी." त्याने कंट्रोल, आल्ट, डिलीट दाबून टास्क मॅनेजर उघडला, ब्राउझर बंद केला. भोंगा थांबला. लॉक-बिक काही नव्हतं, सगळा स्क्रीन व्यापणारं ते एक साधं वेबपेज होतं. विंडोजच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो, हे मला सत्तरीत कळलं. फोन लागला असता तर पलीकडच्याने एनीडेस्कसारखं काहीतरी उतरवायला लावून माऊस ताब्यात घेतला असता आणि बँकेचं पान मीच भक्तिभावाने उघडून दिलं असतं.

मग भाच्याने मशिन तपासलं. माझा खरा मुद्दा इथे सुरू होतो. विंडोज १०, अपडेट २०२१ पासून बंद, अँटिव्हायरसची मुदत कधीच संपलेली. तेव्हा फॉरमॅट मारताना दुकानदार म्हणाला होता, "काका, अपडेट बंद करून देतो, नाहीतर मशिन स्लो होतं." कारण निराळंच होतं. विंडोज क्रॅक केलेलं, म्हणजे पैसे न भरता चोरवाटेने चालवलेलं होतं. तो क्रॅक चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो, आणि त्या फाइलीत आणखी काय भरलंय हे टाकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. कुलूप बसवायला आलेल्याने कडी-कोयंडाच काढून न्यावा, तसं झालं.

अपडेट म्हणजे कटकट, असं मीही म्हणायचो. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा २०१७ चा वॉनाक्राय व्हायरस आठवा. ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलं होतं, हल्ला झाला १२ मे रोजी. मध्ये दोन महिने होते! जूनमध्ये आपल्या जेएनपीटीतल्या, म्हणजे न्हावा-शेवा बंदरातल्या, एका टर्मिनलचं काम ठप्प करणाऱ्या व्हायरसनेही हीच फट वापरली होती.

विंडोज १० ची नेहमीची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. नोंदणी केली तर घरगुती ग्राहकांना एक वर्ष जादा मिळतं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मशिनमध्येच लागते, ती आमच्याकडे नाही. म्हणून भाच्याने विंडोजऐवजी चालणारी लिनक्स ही प्रणाली टाकली. फुकट आणि रीतसर. फायरफॉक्स तोच, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डही आहे. अडलं ते सोसायटीच्या नोटिसांवर. पंधरा वर्षांचा तो मजकूर श्रीलिपीच्या जुन्या फाँटात, दुसरीकडे उघडला की नुसती गिचमीड. म्हणून विंडोज पुसण्याआधी दोन रविवार बसून त्या सगळ्याची जुन्या विंडोजवरच, नेटची वायर काढून, पीडीएफ केली. ती ज्यात घेतली तो पेनड्राइव्ह आता कपाटात असतो. तो मशिनला लावूनच ठेवला तर फायली कुलूपबंद करणारा व्हायरस त्यालाही सोडत नाही, म्हणे.

तेव्हा आपल्या चौकटीत थोडी भर घाला. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर जायला सांगितलं होतं, तो शेवट बघूनच पासवर्ड टाकावा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करावा, रक्कम पुढच्या खात्यातून निघायच्या आत कळवलं तर ती गोठवता येते. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची मशिन साफ करायची साधनं मोफत आहेत, हेही छापा. आणि दुरुस्तीवाल्याने कोणतं विंडोज टाकलं, अपडेट चालू आहे की बंद, हे बिलावर लिहावं असा आग्रह धरा.

मी आमच्या दुकानदाराला जाब विचारायला गेलो होतो. तो म्हणाला, "काका, ओरिजिनलचा भाव सांगितला होता की. तुम्हीच म्हणालात, तीनशेत बसवून दे."

आपला नम्र,
एक निवृत्त हिशेबनीस, मिरज