आडनाव न विचारणाऱ्यांचे आभार

माझ्या दादाची दारू सुटावी म्हणून ज्यांनी जीव लावला, त्या सर्वांचे मनापासून आभार. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगमध्ये ओळख गुप्त राहते, म्हणून इथेही नावं लिहीत नाही.

तलफ बहुतेकदा अर्ध्या तासात ओसरते, तेवढा वेळ काढायचा, हे तुम्ही त्याला शिकवलंत. नुसतं सांगून थांबला नाहीत. त्याच्या पिण्याच्या वेळेला, दिवेलागणीला, एक काका रोज फोन करायचे. "जेवलास का? कुणावर चिडलायस? घरी कोण आहे? झोप झाली?" भूक, राग, एकटेपणा, थकवा, पाय घसरतो तो बहुधा यातूनच. आता आई पाचलाच त्याच्यापुढे पोह्यांची बशी ठेवते.

आणि अ‍ॅल-अ‍ॅनॉन या पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी असलेल्या गटामधल्या ताई, तुमचे आभार कसे मानू? वहिनीला जवळ घेऊन तुम्ही म्हणालात, "हा आजार तुझ्यामुळे झालेला नाही गं." कितीतरी महिन्यांनी ती त्या रात्री शांत झोपली. घरच्यांच्या मनाची अशी विचारपूस फार कमी जण करतात.

ज्यांच्या घरी हे आज चालू आहे, त्यांनी १४४१६ वर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करावा. सेवा मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.